कन्कशनचा रेंगाळलेला त्रास आणि टीमचे उपचार: काही महिन्यांच्या वापरानंतर

थेट मत: सगळ्यांना जोडून ठेवणारा समन्वयक चांगला असेल तर टीमने मिळून उपचार करण्याची ही पद्धत जरूर घ्यावी. तो नसेल तर हाती फक्त चार वेगळ्या अपॉइंटमेंट राहतात.

कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याचा, त्रास बहुतेक मुलांमध्ये चार आठवड्यांत ओसरतो. त्यापुढेही डोकेदुखी, गरगरणं, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं चालूच असेल, तर डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ आणि शाळा यांना एका धाग्यात बांधावं लागतं. समन्वयक ठरावीक दिवसांनी तीच लक्षणांची प्रश्नावली भरून घेतो आणि त्रासाचे गुण खाली येत नसतील तर योजना बदलायला लावतो. हे झालं नाही की एक जण 'चाल' सांगतो, दुसरा 'पडून राहा'.

सर्वांत उजवा भाग व्यायामाचा. पूर्ण विश्रांती पहिले एक-दोन दिवस ठीक, नंतर ती त्रास लांबवते. ट्रेडमिलवर चढ हळूहळू वाढवत नेतात आणि लक्षणं ठळकपणे वाढली की तिथली हृदयगती टिपतात. ती मिनिटाला १४० असेल, तर रोजचा व्यायाम तिच्या ८० ते ९० टक्क्यांवर, म्हणजे ११२ ते १२६ च्या दरम्यान, साधारण २० मिनिटं. मनगटावरच्या घड्याळापेक्षा छातीचा पट्टा भरवशाचा. घोळ होतो तो बरं वाटलेल्या दिवशी: मुलं मर्यादा ओलांडतात, दुसऱ्या दिवशी आडवी होतात आणि मग व्यायामालाच घाबरतात. मर्यादा अधूनमधून पुन्हा मोजून घ्यावी, जुनाच आकडा धरून बसू नये.

मानसतज्ज्ञाची ओळख पहिल्याच भेटीत करून द्यावी. उशिरा आणलं की मुलाला वाटतं, आपला त्रास खोटा ठरवला. झोपेची घडी आणि दुखण्याची धास्ती यांवर इथे खरं काम होतं.

दोन गोष्टी सहज सुटतात. मान आणि डोळे तपासले का, हे विचारा; वाचताना दुखणारं डोकं कधी कधी जवळची नजर जुळत नसल्याने दुखतं. आणि साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने घेतल्या, तर त्यांचीच डोकेदुखी सुरू होऊ शकते.

शाळेची बाजू सर्वांत लंगडी. 'हलका अभ्यास द्या' एवढीच चिठ्ठी कुणी पाळत नाही. किती तास वर्ग, विश्रांती कधी आणि कुठे, परीक्षेत जादा वेळ किती, हे लिहून एका ठरलेल्या शिक्षकाच्या हाती द्यावं लागतं. धक्काबुक्कीचे खेळ मात्र पूर्ण अभ्यास जमू लागल्यावर, डॉक्टरांनी मोकळीक दिली तरच.