अमायलोज रेझिन: एमबीपी जोडलेल्या प्रथिनांसाठी घ्यावं का?

न्यू इंग्लंड बायोलॅब्जचं अमायलोज रेझिन (प्रथिन पकडणारे बारीक मणी) पीमॅल व्हेक्टरच्या, म्हणजे जनुक पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या, जोडीनं वापरायचं असतं. व्हेक्टर तुमच्या प्रथिनाच्या पुढच्या टोकाला ई. कोलाय या जिवाणूचं माल्टोज धरणारं प्रथिन, म्हणजे सुमारे ४२ किलोडाल्टनचं एमबीपी, जोडतो. रेझिनवरचं अमायलोज त्या एमबीपीला पकडून ठेवतं आणि १० मिलिमोलर माल्टोज घातलं की सोडून देतं. ही पद्धत १९८८ पासून चालत आली आहे.

निकेल रेझिन आणि हिस-टॅग (निकेलला चिकटणारी हिस्टिडीनची छोटी शेपटी) हाताशी असताना हा खर्च कशाला? प्रथिन विरघळतच नसेल, सगळं पेलेटमध्ये (सेंट्रिफ्यूजनंतरच्या तळाच्या गाळात) बसत असेल, तर हिस-टॅग तिथे काही करू शकत नाही. १९९९ साली कापुस्ट आणि वॉ यांनी गोळा होणारी सहा प्रथिनं एमबीपी, जीएसटी (ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज) आणि थायोरिडॉक्सिन या जोडप्रथिनांना जोडून पाहिली, तेव्हा विरघळलेलं ठेवण्यात एमबीपी दोघांच्याही पुढे निघालं. दुसरा फायदा बफरचा. २० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.४, २०० मिलिमोलर मीठ आणि १ मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन बांधून टाकणारं रसायन). निकेलच्या कॉलमवर हेच ईडीटीए धातू ओढून नेतं, इथे ते बिनधास्त घालता येतं आणि धातूवर चालणारे प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) आटोक्यात राहतात. निकेलसाठी लागणारं इमिडाझोल नाही, पीएच खाली-वर करणं नाही. नाजूक एन्झाइमसाठी इतकी सौम्य सुटका दुसऱ्या फारशा रेझिनवर मिळत नाही.

आता या रेझिनची खरी कमजोरी. अमायलोज म्हणजे शेवटी स्टार्चच, आणि ई. कोलायकडे ते खाणारं अमायलेज असतं. लायसेटबरोबर (फोडलेल्या पेशींच्या रसाबरोबर) ते कॉलमवर आलं की रेझिन कुरतडलं जातं. म्हणून कल्चरमध्ये ०.२ टक्के ग्लुकोज, म्हणजे लिटरला २ ग्रॅम, घालायचाच. ग्लुकोज असेपर्यंत माल्टोजची जनुकं दबून राहतात आणि अमायलेज फारसं बनत नाही. एवढं करूनही दर वापरात क्षमता एक ते तीन टक्क्यांनी उतरते. ऑटो-इंडक्शन माध्यमात (जिथे प्रथिन बनणं आपोआप सुरू होतं) ग्लुकोज मुद्दाम संपू दिला जातो, त्यामुळे या रेझिनसाठी ते टाळलेलंच बरं. ‘रेझिन दोन वापरांत बाद झालं’ अशी तक्रार ऐकली की आधी ग्लुकोज घातला होता का, हे विचारावं.

काम असं चालतं. कल्चरची ओडी (गढूळपणाचं माप) ०.५ झाली की ०.३ मिलिमोलर आयपीटीजी (प्रथिन बनवायला चालना देणारं रसायन), ३७ अंशांवर दोन तास. प्रथिन अडून बसणारं असेल तर १८ अंशांवर रात्रभर. एका लिटर कल्चरच्या पेशींचं पेलेट २५ मिली बफरमध्ये घेऊन गोठवावं, वितळवून बर्फात सोनिकेट करावं (ध्वनिलहरींनी पेशी फोडाव्यात). पिपेटचं टोक वर उचललं आणि लायसेटनं एकतारी पाकासारखी तार धरली, तर डीएनए अजून तुटलेला नाही. तसंच कॉलमवर ओतलं तर प्रवाह अडतो. सेंट्रिफ्यूजनंतरचं सुपरनेटंट (वरचं निवळ) सहापट पातळ करून चढवावं. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या कॉलमला मिनिटाला सुमारे १ मिली हा वेग योग्य. मग कॉलमच्या बारा पट बफरनं धुवावं आणि माल्टोजनं ३-३ मिलीचे फ्रॅक्शन (हिस्से) घ्यावेत. माल बहुधा पहिल्या पाचांतच येतो. पॅराफिल्मवर ब्रॅडफर्डचा (प्रथिन असेल तर निळं होणाऱ्या रंगाचा) थेंब ठेवून प्रत्येक फ्रॅक्शनचा थोडा भाग त्यात मिसळला की निळा कुठे चढतो आणि कुठे उतरतो, ते तिथल्या तिथे दिसतं. कल्चरच्या लिटरला १० ते ४० मिलिग्रॅम ही नेहमीची कमाई, आणि रेझिन मिलिलिटरला सहा-सात मिलिग्रॅम धरतं.

प्रथिन न थांबता खाली निघून गेलं तर रेझिनला दोष देण्याआधी रिकाम्या पीमॅलचं लायसेट चढवून पाहावं. नुसतं एमबीपी थांबलं तर रेझिन ठीक आहे, अडचण फ्यूजनमध्ये (एमबीपी आणि तुमच्या प्रथिनाच्या जोडात) किंवा डिटर्जंटमध्ये आहे. ट्रायटन आणि ट्वीन काही फ्यूजनची पकड सोडवतात. जेलवर ४२ किलोडाल्टनच्या आसपासच जाड बँड आला, तर तुमचा भाग पेशीतच तुटला. लॉन आणि ओम्पटी हे दोन्ही प्रोटिएज नसलेला बीएल२१ हा ई. कोलायचा वाण घ्यावा आणि तापमान उतरवावं.

सगळ्यात फसवी गोष्ट मात्र स्वच्छ बँडमागे लपते. एमबीपी चुकीच्या घडीच्या प्रथिनालाही विरघळलेलं ठेवू शकतं. सुपरनेटंटमध्ये आलं, कॉलमवर थांबलं, जेलवर छान दिसलं, तरी ते गोळ्याच्या रूपात असू शकतं. आकारानुसार वेगळं करणाऱ्या जेल फिल्ट्रेशनवर सगळा माल व्हॉइड व्हॉल्यूममध्ये (मोठे गोळे आधी बाहेर पडतात त्या भागात) आला तर पुढे वेळ घालवू नये. एमबीपी तोडून काढल्यावर ते पांढरं होऊन खाली बसण्याचीच शक्यता जास्त.

या तोडणीसाठी फॅक्टर टेनए हे प्रोटिएज वापरत असाल तर त्याला कॅल्शियम लागतं, आणि कॉलम बफरमधलं ईडीटीए ते गिळतं. आधी डायलिसिस करून २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडच्या बफरमध्ये यावं. तुटलेलं एमबीपी त्याच रेझिनवर परत पकडायचं तर त्याच्या खोबणीतलं माल्टोज आधी निघायला हवं, आणि ते सहज निघत नाही. त्यापेक्षा आयन एक्स्चेंज (विद्युतभारानुसार वेगळं करणं) सरळ पडतं.

वापरानंतर पाणी, ०.१ टक्का एसडीएस (डिटर्जंट), पुन्हा पाणी आणि शेवटी बफर. एसडीएस कोल्ड रूममध्ये साखळतं, म्हणून ही धुलाई बाहेर बाकावर करावी. मग २० टक्के इथेनॉलमध्ये ४ अंशांवर ठेवावं, गोठवू नये. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की नवीन भरावं. पहिल्यांदाच घेणाऱ्यानं लहान बाटली घ्यावी आणि आपलं प्रथिन व्हॉइडमध्ये येत नाही हे बघूनच मोठी मागवावी.