आत्याची कॅसेट, पोरांचे मोबाइल आणि एकच पडदा

लातूर-परभणीकडं घरच्या कार्यक्रमाची फिल्म करायला बसलं की तीन मापांचं फुटेज हमखास हाती येतं (कंसात रुंदी:उंची): आत्याच्या लग्नाची नव्वदच्या दशकातली व्हीएचएस कॅसेट (४:३), स्टुडिओवाल्यानं काढलेलं आडवं शूटिंग (१६:९) आणि पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या उभ्या क्लिपा (९:१६).

आधी फिल्म कुठं लागणार ते ठरवा. घरच्या टीव्हीवर किंवा यूट्यूबवर लागणार असेल तर १९२०×१०८० पिक्सेलची आडवी टाइमलाइन (सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा ओळीनं लावायची पट्टी) घ्या. मंगल कार्यालयातल्या एलईडी वॉलवर लागणार असेल तर ऑपरेटरला माप विचारा. वॉल १२ बाय ८ फुटांची असेल तर ती ३:२ झाली, म्हणजे तुमची १६:९ फिल्मसुद्धा तिथं वर-खाली पट्ट्या घेऊनच दिसणार.

आडव्या टाइमलाइनवर उभी क्लिप पूर्ण उंचीत बसवली तर तिला जेमतेम ६०८ पिक्सेल रुंदी मिळते, पडद्याचा तिसरा हिस्साही नाही. कॅसेटला १४४० मिळतात, दोन्ही कडांना २४०-२४० रिकामे. या रिकाम्या जागेचं काय करायचं, यावरच सगळं अडतं.

ताणून भरणं हा पर्याय विसरा. नवरदेव वीस किलोनं जाड दिसतो.

कापून भरणं म्हणजे क्लिप मोठी करून वर-खालचा भाग सोडून देणं. कॅसेटच्या बाबतीत उंचीचा पाव भाग जातो. व्हीएचएसच्या तळाशी थरथरणारी पट्टी असते, ती आयती झाकली जाते हा फायदा, पण वर फेट्याचा तुरा उडतो. शिवाय चित्र मुळात ५७६ ओळींचं; जितकं मोठं कराल तितकं पिठूळ दिसणार. उभ्या क्लिपेचं नुकसान याहून मोठं, कारण तिचा तिसरा हिस्साही शिल्लक राहत नाही. अंतरपाट धरलेला उभा शॉट घ्या: एक तर मुंडावळ्या दिसतील, नाहीतर हातातली माळ. १०८० रुंदीची क्लिप पावणेदोन पटींहून जास्त मोठी करावी लागते. फोरके (एचडीच्या चौपट पिक्सेलांचं शूटिंग) असेल तर उभ्या क्लिपेची रुंदी २१६० असते, मोठी करावी लागत नाही. कापणं खरं शोभतं ते उंच गोष्टींना. प्रीवेडिंगला बीबी का मकबऱ्याचा मिनार उभा घेतला असेल तर क्लिप रुंदीभर भरा आणि कीफ्रेम लावून (सुरुवातीची आणि शेवटची जागा ठरवून) चौकट पायथ्यापासून टोकाकडं सरकवत न्या. कॅमेराच वर फिरवल्यासारखं दिसतं.

मागं तीच क्लिप धूसर करून ठेवणं ही सध्याची सगळ्यांची आवडती सोय. एका क्लिकचं काम आहे आणि दोन-तीन क्लिपांपुरतं चालूनही जातं. पण मोठ्या वॉलवर कडेला हलणारे ते हळदी-लाल ढग मधल्या माणसापेक्षा जास्त नजर ओढतात. वापरायचंच असेल तर मागचा थर चांगला काळोखा करा, रंगही उतरवा.

कॅसेटसाठी मी साध्या पट्ट्याच ठेवीन, काळ्या किंवा गडद मरून. ४:३ चौकट दिसताच जुना काळ सुरू झाला हे कुणाला सांगावं लागत नाही.

मोबाइलच्या क्लिपांसाठी मात्र माझं मत तीन शेजारी-शेजारी लावण्याला. प्रत्येकीला ६४० रुंदी द्या, उंची ११३८ येते, वर-खाली फक्त २९-२९ पिक्सेल जातात. अक्षता पडतानाचा एकच क्षण तीन फोनांतून एकदम दिसला की पडदा भरतो आणि कापाकापी जवळपास शून्य. आवाज मात्र एकाच फोनचा ठेवा, नाहीतर मंगलाष्टकांचा गलका होतो. एकाच क्षणाच्या तीन क्लिपा नसतील तर हा प्रकार ओढून आणू नका.

उलट, स्टेटस आणि रील्ससाठी उभी फिल्म हवी असेल तर १६:९ पूर्ण ठेवल्यावर मधोमध ६०८ उंचीची पट्टीच उरते. तिथं कापणंच बरं. फोरके आडव्या फुटेजमधून १२१५ रुंदीचा उभा तुकडा निघतो, १०८०ला तो पुरून उरतो. साध्या एचडीतून ६०८च निघतो. एकाच लग्नाच्या दोन्ही फिल्मा करायच्या असतील तर स्टुडिओवाल्याला फोरके शूट करायला आधीच सांगा.

डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या 'इमेज स्केलिंग'मध्ये पूर्ण चित्र बसवायचा पर्याय ठेवा आणि कापाकापी क्लिपनिहाय करा; सरसकट 'क्रॉप' निवडलं तर कुठं काय कापलं गेलं ते शेवटपर्यंत कळत नाही. कॅसेटची फाइल ७२०×५७६ असते, पण तिचे पिक्सेल चौरस नसतात. सॉफ्टवेअरनं ते चौरस धरले तर चेहरे निमुळते होतात, म्हणून क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये पिक्सेल आस्पेक्ट तपासा. हालचालीत कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर डीइंटरलेस करा, म्हणजे एकाआड एक ओळींचं चित्र एकसंध होतं. फोनच्या क्लिपांचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमी-जास्त होत असतो आणि लांब क्लिपेत ओठ आणि आवाज फारकत घेतात. त्या आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या, मगच टाइमलाइनवर आणा.