गंधक आहे का, असं त्यानं विचारलं होतं

शेवटचे आठ दिवस सोडले, तर हा माणूस माझ्याशी एक शब्दही खोटं बोलला नव्हता. त्याला काय हवंय ते तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. मला ते ऐकू आलं नाही, कारण मी माझं कौतुक ऐकण्यात गुंग होते.

टेबलावर मांडून खेळायच्या फँटसी युद्धखेळांसाठी मी देखावे बनवते आणि मिनिएचर, म्हणजे त्या खेळांतल्या छोट्या मूर्ती, बदलून देते. देखावे म्हणजे पडके बुरूज, दलदली, वेशी. बदलणं म्हणजे एका किटचे, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचाचे, पाय घ्यायचे, दुसऱ्याचं धड, शस्त्र प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापायचं, उरलेलं ग्रीनस्टफनं, म्हणजे दोन भाग मळले की कडक होणाऱ्या लुकणानं, घडवायचं आणि कुणाकडेच नाही असा एक जीव उभा करायचा. त्यातलं ‘कुणाकडेच नाही’ एवढंच मी विकते. बाकी प्लॅस्टिक कुणालाही मिळतं.

त्याची पहिली ऑर्डर होती पडक्या वेशीची. एक्सपीएस फोम, म्हणजे मण्यामण्यांचा थर्माकोल नव्हे, तर एकसंध घट्ट फोम. त्याच्यावर पेन्सिल दाबून दगडांच्या ओळी काढायच्या, चुरगाळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलचा गोळा फिरवून दगडाला खरबरीतपणा द्यायचा, मग पांढऱ्या गोंदात काळा रंग मिसळून सगळीकडे जाडसर हात द्यायचा. हा हात चुकवून कुणी थेट स्प्रे मारला, तर स्प्रेमधलं द्रावण फोम खातं आणि वेस डोळ्यांदेखत वितळते. (एकदा झालंय. पुन्हा नाही.) त्याची एकच अट होती: भिंतीचे तुकडे सुटे हवेत आणि पाठ अगदी सपाट हवी. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही. मीच ठरवून टाकलं की काचेच्या कपाटात टेकवून ठेवायचे असतील. पैसे वेळेवर आले, सोबत लांबलचक स्तुतीही आली. कुठल्या दगडाला कशी चीर पाडलीय, हेसुद्धा त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. इतक्या बारकाईनं माझं काम घरच्यांनीही कधी पाहिलेलं नाही.

दुसरी ऑर्डर मोठी होती. दलदलीचा राखणदार: बोकडाची शिंगं, पाठीवर शेवाळलेला झगा, हातात लांब दांड्याची कुऱ्हाड. नेहमीच्या २८ मिमीच्या मापातल्या माणसांपेक्षा दीडपट उंच. पाय एका जुन्या धातूच्या मूर्तीचे घेतले, धड प्लॅस्टिकच्या किटचं. डोकं आणि झगा पूर्ण माझा.

झग्यावर मी चार दिवस घालवले. ग्रीनस्टफ निळ्या-पिवळ्या पट्टीत येतं. दोन्ही रंग जिथे एकमेकांना चिकटलेले असतात, तिथली बारीक रेघ आधीच कडक झालेली असते. ती कापून टाकली नाही तर मळताना दाणे राहतात आणि नेमके कापडाच्या घडीवर उगवतात. समसमान भाग घेऊन मळायचं, तास-दीड तासात काय ते करून घ्यायचं, मग २४ तास हात लावायचा नाही. झग्याच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. तिथे कोण बघणार म्हणून मी तो तसाच ठेवला. मनगटात १ मिमीची पितळी तार घातली, कारण कुऱ्हाडीचं वजन नुसत्या सुपरग्लूवर टिकत नाही.

काम चालू असताना त्याचे निरोप येत होते. रंगवू नका, प्रायमरही (रंगाआधीचा अस्तराचा हात) नको. मला वाटलं, स्वतः रंगवणारा असेल. दंड खांद्याला चिकटवू नका, सुटे पाठवा. वाटलं, पाठवताना मोडू नयेत म्हणून काळजी करतोय. झगा आणि मांडी यांच्यामधली फट भरून टाका, तिथे अडकायला होतं. ‘कशाला अडकायला?’ हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मी फट भरली. शिवाय, ताईंचा अनुभव मोठा, त्या म्हणतील तसं, हे शेपूट प्रत्येक निरोपाला असायचंच.

आणि मग एका रात्री: यात गंधक असलेली मॉडेलिंगची माती कुठे वापरली आहे का?

मी हसले. त्याला त्वचेची काही अॅलर्जी असेल असं गृहीत धरलं आणि आस्थेनं उत्तर दिलं की नाही हो, काळजी करू नका, कुठेच नाही.

मूर्ती पोचली. तीन आठवडे शांतता. मग फोटो आला: मनगट तुटलेलं, कुऱ्हाड वेगळी. वाटेत मोडली, मन खट्टू झालं, परत पाठवतो, पैसे परत द्या. मी दिले, सगळे दिले. चूक माझ्या पॅकिंगची, असं म्हणून वर माफीही मागितली. मूर्ती परत आली तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती अशी की पितळी तार तुटली नव्हती. तुटलेली तार वाकते, ताणली जाते. ही दोन्ही बाजूंनी चिमटून कापलेली होती, पक्कडीनं कापतात तशी. मी पाहिलं आणि डोळ्यांवर विश्वास न ठेवता मूर्ती खणात ठेवून दिली.

महिन्याभरानं वाटलं, तार बदलू, रंगवू, कुणालातरी विकू. एअरब्रशनं प्रायमर मारला. सगळीकडे छान बसला, पण एका जागी पाण्याचे थेंब तेलावरून पळावेत तसा तो बाजूला सरकला. तेलकट बोट लागलं असेल म्हणून भांड्याचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन धुतलं, पुन्हा मारला. पुन्हा तेच. मग दिव्याखाली धरून नीट पाहिलं. प्रायमर एका जागी नव्हे, एका रेषेवर सरकला होता. शिंगाच्या टोकापासून कानामागून खांदा, कंबर, पायाची बाहेरची कड, टाच आणि दुसऱ्या बाजूनं वर. मूर्तीचे बरोबर दोन अर्धे करणारी अखंड रेघ माझ्याच प्रायमरनं मला काढून दाखवली होती. झग्याच्या घडीत टाचणी फिरवली, तर करड्या, मेणचट मातीचा कण निघाला. ती माती माझ्याकडे नसतेच.

ज्यांनी साचे काढले आहेत त्यांना एव्हाना कळलं असेल. दोन भागांचा साचा काढताना मूर्ती अर्धी मातीत पुरतात आणि वरून सिलिकॉन ओततात. ते घट्ट झालं की उलटं करून माती काढतात आणि उघड्या कडेला व्हॅसलीन किंवा तसलंच काही फासतात. नाहीतर दुसऱ्या भागाचं सिलिकॉन पहिल्याला कायमचं चिकटतं. तो थर मूर्तीलाही लागतो, बरोबर जोडाच्या रेषेवर. आणि गंधक? प्लॅटिनमच्या मदतीनं जमणारं, म्हणजे घट्ट होणारं, सिलिकॉन गंधकाला शिवलं की जमतच नाही, चिकट राहतं, साचा वाया जातो. कथिलाच्या मदतीनं जमणाऱ्या सिलिकॉनला त्याचं वावडं नसतं. माझं गिऱ्हाईक महागडं सिलिकॉन वापरत होतं, एवढी माहिती त्या एका प्रश्नात होती. सुटे हात, भरलेली फट, रंगाचा थर नको, हेही सगळं साच्यासाठीच. वेशीची सपाट पाठ सुद्धा: एका बाजूचा उघडा साचा काढायला पाठ सपाटच लागते.

दोन महिन्यांनी एका मैत्रिणीनं विक्रीचा फोटो पाठवला. तोच राखणदार, नाव वेगळं, ‘हाताने घडवलेला’ असं लिहिलेलं. तिनं माझ्यासाठी एक मागवून घेतला. करडं रेझिन (साच्यात ओतलं की घट्ट होणारं द्रव प्लॅस्टिक), शिंगाच्या टोकात हवेचा बुडबुडा, कुऱ्हाडीचा दांडा केळीच्या सालीसारखा लवलेला. उलटा करून गुडघ्यामागे भिंग धरलं. माझा अंगठा तिथे होता, रेघन् रेघ.

मी तो करवतीनं मधोमध कापला. आतबाहेर एकच करडा रंग. माझी मूर्ती रंगापूर्वी चितकबरी असते: धातूचे रुपेरी पाय, किटचं राखाडी धड, पत्र्याचं पांढरं पातं, हिरवा झगा. विकत घेणाऱ्यांनो, ‘एकमेव’ म्हणून कुणी काही विकत असेल तर रंगवण्याआधीचा फोटो मागा. सगळं एकाच रंगाचं असेल, किंवा साच्याची बारीक रेघ झग्यावरून आणि पायावरून न थांबता गेलेली दिसली, तर ते बदललेलं काम नव्हे, त्याची नक्कल आहे. ग्रीनस्टफ हातानं घडवलेलं असतं, त्याच्यावर साच्याची रेघ येईलच कुठून?

तक्रार केली. पुरावा म्हणून चितकबरे फोटो उपयोगी पडले. पण त्याआधी मला स्वतःशीच हुज्जत घालावी लागली, कारण पाय आणि धड मुळात दुसऱ्यांच्या कंपन्यांचे. मग मनाशी ठरवलं: एक किट विकत घेऊन त्यातून एक मूर्ती करणं वेगळं आणि तीच साच्यात घालून डझनांनी काढणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तो मलाही लुबाडतो आणि त्यांनाही. ती जाहिरात उतरली. पंधरा दिवसांत दुसऱ्या नावानं परत चढली. तिच्या मागे किती धावायचं, याला मीच मर्यादा घातलीय.

आता मी रंगाचा एक तरी हात दिल्याशिवाय काही पाठवत नाही आणि सगळे सांधे चिकटवूनच पाठवते. साच्याला त्रास होईल अशा खोल फटी मुद्दाम ठेवते. झग्याच्या कडेला दोऱ्याचे तंतू लावते. ते सिलिकॉनमध्ये अडकून साचा फाडतात. वाटेत मोडलं तर दुरुस्त करून देते, पण पैसे परत देण्याआधी तुटलेल्या जागेचा जवळून फोटो मागते. यातलं काहीही नेटानं साचा काढणाऱ्याला थांबवू शकत नाही, फक्त त्याचं काम किचकट करतं. तळाला खूण कोरा, असं बरेच जण सुचवतात. खूण खरवडून काढायला त्याला एक मिनिट लागेल. गुडघ्यामागचा ठसा मात्र त्याला दिसलाच नव्हता, म्हणून ठसा मी आता दर मूर्तीवर ठेवते. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी.

मागच्या आठवड्यात एकानं विचारलं, पडक्या भिंतीचे तुकडे करून द्याल का, पाठ सपाट हवी. मी एका ओळीत उलट विचारलं, कशाला? दहा मिनिटांत उत्तर आलं: साचा काढून विकायचे आहेत, नाव तुमचंच राहील, मास्टरचे, म्हणजे साच्यासाठीच्या मूळ नगाचे, किती घ्याल आणि दर नगामागे किती? त्याच्याशी बोलणी चालू आहेत. गंधकाचं मीच आधी सांगून टाकलं.