टोपलीतलं खत की गच्चीवरचा बायोगॅस?

सालं-देठं धरून भारतातल्या घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं, असा संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाचा अंदाज आहे. म्हणजे चौघांच्या घरात रोज सुमारे ६०० ग्रॅम. हाच कचरा डेपोच्या ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. म्हणून कचरा घरीच जिरवावा. कशात, एवढंच ठरवायचं.

खताला २०-२५ लिटरच्या, भोकं पाडलेल्या तीन बादल्या लागतात. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर चार बोटं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर मूठभर जुनं खत किंवा आंबट ताकाचा शिपका. मग रोज बारीक चिरलेला कचरा आणि तेवढाच सुका पालापाचोळा. दोन-तीन दिवसांनी खालीवर करायचं. मूठभर घेऊन दाबा: हात ओला व्हावा, पाणी टपकू नये. घाण वास आला तर पाणी जास्त झालंय आणि हवा कोंडलीय, पालापाचोळा वाढवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलंय. अळ्यांना घाबरू नका, त्या कचराच खातात. आमटी-रस्सा मात्र निथळूनच टाका. दोन-तीन महिन्यांत खताला पावसाळी मातीचा वास येतो.

बायोगॅस म्हणजे मुख्यतः हाच मिथेन, फक्त बंद टाकीत धरून शेगडीत जाळायचा. त्याला शिळा भात, पोळ्या, रस्सा उत्तम. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं प्लॅस्टिकच्या टाक्यांचं घरगुती सयंत्र याच पिष्टमय खरकट्यासाठी बनवलं. पण त्याला ऊन आणि भक्कम गच्ची हवी; सुरुवातीला शेणकाला भरून काही आठवडे थांबावं लागतं. लिंबाची सालं, कांद्याची टरफलं चालत नाहीत. एकदम जास्त खाऊ घातलं की आतलं आंबतं आणि गॅस बंद पडतो. मग काही दिवस उपास.

हिशोबही बघा. किलोभर कचऱ्यातून साधारण १०० लिटर गॅस मिळतो आणि बायोगॅसची शेगडी तासाला ४०० लिटरच्या वर पिते. ६०० ग्रॅममध्ये चहा होईल, स्वयंपाक नाही. शिवाय न जाळलेला किंवा सांध्यातून गळणारा गॅस म्हणजे पुन्हा मिथेनच.

त्यामुळे फ्लॅटमध्ये चौघांसाठी बादल्याच घ्या. खाणावळ असेल किंवा दोन-तीन घरांचं खरकटं एकत्र येत असेल तर सयंत्र परवडतं. दोन्ही जमत नसेल तर ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत न बांधता सुटा घंटागाडीत द्या. पिशवीसकट गेलेला कचरा बहुतेकदा डेपोतच पोचतो.