'फाउंडेशन्स फ्रेंड्स' की 'शॅडो शो'? आधी कोणता गौरवसंग्रह घ्यावा

आयझॅक आसिमोव्ह आणि रे ब्रॅडबरी हे विज्ञानकथाकार बऱ्यापैकी वाचून झाले, आता त्यांच्या सन्मानार्थ इतरांनी लिहिलेल्या कथांचा एखादा संग्रह घ्यावा असं मनात आलं, की गाडी बहुधा दोन नावांपाशी येऊन अडते. एक आसिमोव्हसाठीचा, मार्टिन ग्रीनबर्ग संपादित 'फाउंडेशन्स फ्रेंड्स' (१९८९), दुसरा ब्रॅडबरींसाठीचा, सॅम वेलर आणि मॉर्ट कॅसल यांनी संपादित केलेला 'शॅडो शो' (२०१२). मीही तिथेच अडलो होतो. शेवटी दोन्ही घेतले, दोन्ही वाचले. आज एक हाताला लागेल अशा फळीवर आहे, दुसरा वरच्या. कोणता कुठे, ते पुढे कळेलच.

लेखकांची यादी बघून ठरवायला जाऊ नका. दोन्हीकडे मोठी नावं आहेत आणि दोन्हीकडे मोठ्या नावांच्या किरकोळ कथाही आहेत. खरा फरक आहे तो पाहुण्यांना किती आत येऊ दिलं याचा. आसिमोव्हच्या पहिल्या कथेला पन्नास वर्षं झाली त्या निमित्ताने 'फाउंडेशन्स फ्रेंड्स' निघाला. तेव्हा आसिमोव्ह हयात होते आणि त्यांनी अख्खं घर उघडून दिलं: रोबो घ्या, रोबोंनी पाळायचे तीन नियम घ्या, फाउंडेशन मालिकेतला साम्राज्याच्या राजधानीचा ग्रह ट्रॅन्टॉर घ्या, काय हवं ते करा. 'शॅडो शो'त तसं नाही. तिथे ब्रॅडबरींच्या कथांचे पुढचे भाग नाहीत. त्यांच्या लिखाणाची हवा लागलेल्या सव्वीस स्वतंत्र कथा आहेत.

कागदावर मला दुसरी कल्पना जास्त पटली होती. दुसऱ्याच्या पात्रांना घेऊन लिहिणं म्हणजे उसन्या कपड्यात मिरवणं, असं माझं ठाम मत होतं. आणि निव्वळ लेखनाचा दर्जा बघितला तर आजही मी 'शॅडो शो'लाच वरचे गुण देईन. जो हिलची लेक शॅम्प्लेनवरची कथाच घ्या. धुक्यात तळ्याकाठी खेळणाऱ्या मुलांना एका प्रचंड जलचराचं धूड सापडतं. मोठ्यांना ते दाखवायची त्यांची धडपड आणि मोठ्यांचं आपल्याच नादात असणं, एवढ्यावरच कथा उभी आहे. ब्रॅडबरींची सागरी प्राण्यावरची 'द फॉग हॉर्न' वाचलेल्याला पहिल्या पानापासून ओळखीचा वास येतो, पण कुठेही नक्कल नाही. शेवट असा, की पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतं बसावं.

पण बसू देत नाहीत ना! कथा संपते, पान उलटावं तर लेखक स्वतः हजर. या कथेविषयी, ब्रॅडबरींविषयी, आपण त्यांना पहिल्यांदा कधी वाचलं त्याविषयी. प्रत्येक कथेनंतर असं एक टिपण आहे. पहिली दोन-तीन मी आवडीने वाचली. सातव्या-आठव्यापर्यंत सूर पाठ झाला: लहानपण, पुस्तक हाती लागणं, आणि मग जग पहिल्यासारखं न राहणं. सगळं मनापासून लिहिलेलं, खोटं काहीच नाही, आणि तरी श्रद्धांजली सभेतल्या दहाव्या भाषणासारखं. त्याहून वाईट म्हणजे रसभंग. ब्रॅडबरींची सगळी जादू शेवटानंतरच्या शांततेत, आणि त्यांच्याच गौरवासाठी काढलेल्या पुस्तकात ती शांतता सव्वीस वेळा मोडते.

टिपणं वाचायचीच कशाला, असं कुणी म्हणेल. मीही तेच ठरवलं, पण समोर छापलेलं न वाचणं मला जमत नाही. शेवटी एका रविवारी बसून सगळ्या टिपणांच्या पानांना कागदाच्या क्लिपा लावल्या. ही थोडी वेडगळ गोष्ट झाली, हे मान्य. पण पुस्तकाच्या बाजूने इतकी सोय स्वतःच करून घ्यावी लागत असेल, तर पारडं तिथेच झुकायला लागतं.

'फाउंडेशन्स फ्रेंड्स'ने मला वेगळा त्रास दिला, आणि न्यायाने तोही सांगायला हवा. रॉबर्ट सिल्व्हरबर्गची 'द असेनियन सोल्यूशन' पहिल्यांदा वाचली तेव्हा चेहरा कोरा राहिला. प्लुटोनियम-१८६चे साठे वाढत चाललेत, त्यांचं करायचं काय, आणि असेनियन नावाचा एक वल्ली त्यावर तोड काढतो. बरं मग? कथा तिथेच सोडली आणि पुढे गेलो.

नंतर केव्हातरी एकेक धागा हाती लागला. सिल्व्हरबर्ग एकदा व्यासपीठावरून बोलताना सहज, उदाहरणादाखल, प्लुटोनियम-१८६ म्हणून गेले होते. असं समस्थानिक, म्हणजे प्लुटोनियमचं इतक्या कमी वजनाचं रूप, असूच शकत नाही, हे आसिमोव्हमधल्या रसायनशास्त्रज्ञाला गप्प बसू देईना. मग समजा असलंच, तर ते येईल कुठून? या प्रश्नातून १९७२ची 'द गॉड्स देमसेल्व्ज' कादंबरी निघाली, तिला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. कथेतली तोड आहे थायोटिमोलिनची. पाणी पडायच्या आधीच विरघळणारा हा पदार्थ आसिमोव्हने १९४८च्या एका लुटुपुटीच्या शोधनिबंधात जन्माला घातला होता. आणि असेनियन? तरुणपणी एका मासिकाच्या पत्रव्यवहारात आसिमोव्हचं आडनाव चुकून तसं छापलं गेलं होतं, तीच मुद्रणदोषाची जखम. म्हणजे जी कथा मला सपक वाटली, ती खरं तर दोन मित्रांमधली जुनी थट्टा होती. एकाने सहज फेकलेला दगड दुसऱ्याने झेलून त्याची कादंबरी केली, आणि सतरा वर्षांनी पहिल्याने तोच दगड, त्याचंच चुकीचं नाव त्यावर कोरून, परत पाठवला. दुसऱ्यांदा वाचताना मी एकटाच मोठ्याने हसलो.

हे पुस्तक मला तिथे कळलं. इथे कुणी 'तुम्ही आम्हाला घडवलंत' असं टिपण लिहीत नाही, प्रेम कथेतच मुरवतात. कॉनी विलिसच्या 'डिलेमा'त रोबो थेट डॉक्टर आसिमोव्हना भेटायला येतात आणि माणसाला इजा न करण्याचा पहिला नियम रद्द करा म्हणतात. हॅरी हॅरिसन चौथा नियम शोधून काढतो, तोही इतका चावट की सांगून मजा घालवत नाही. हॅरी टर्टलडव्ह ट्रॅन्टॉरच्या लुटीचा प्रसंग लिहितो. आणि ऑर्सन स्कॉट कार्डची 'द ओरिजिनिस्ट' ही दीर्घकथा! फाउंडेशन मालिकेतल्या हॅरी सेल्डन या गणितज्ञाच्या प्रकल्पात आपल्याला बोलावणं येईल म्हणून वाट बघणारा, आणि ते येत नाही म्हणून आतून कुढणारा एक संशोधक. ग्रंथालयात सूची करणाऱ्यांमध्ये रमलेली त्याची बायको. आसिमोव्हने या दोघांच्या संसाराकडे कधी इतक्या जवळून बघितलं नसतं, आणि तरी जग त्याचंच आहे. उसन्या कपड्यांविषयीचं माझं मत या एका कथेने मोडीत काढलं.

उणं बघायचं तर पुष्कळ आहे. काही कथा नुसत्या कोट्यांवर चालतात. वयही जाणवतं: १९८९चे संगणक, १९८९ची विनोदाची पद्धत. आणि फाउंडेशन मालिका, रोबोकथा न वाचता हे उघडलंत तर माझ्यासारखा अर्धा संग्रह कोरड्या चेहऱ्याने संपवाल. आसिमोव्ह वरवरच चाळला असेल तर 'शॅडो शो'च घ्या, त्याला पूर्वतयारी लागत नाही.

'फाउंडेशन्स फ्रेंड्स' घेताना शक्यतो १९९७ची वाढीव आवृत्ती बघा. १९९२मध्ये आसिमोव्ह गेले, त्यानंतर स्नेह्यांनी लिहिलेल्या आठवणी तिच्यात मागे जोडल्या आहेत. हो, इथेही आठवणीच. पण कथा वाचून झाल्यावर, एका जागी, हव्या तर.

एक योगायोग सांगायचा राहिला. 'फाउंडेशन्स फ्रेंड्स'च्या सुरुवातीची प्रस्तावना चक्क ब्रॅडबरींची आहे. 'शॅडो शो'लाही त्यांनीच सुरुवातीचे शब्द लिहिले, पण जूनमध्ये ते गेले आणि पुस्तक आलं जुलैमध्ये. दोन्ही प्रस्तावना लागोपाठ वाचून बघा.

माझा 'शॅडो शो' मध्यंतरी एका मैत्रिणीने वाचायला नेला. क्लिपांचं कारण सांगितल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला टिपणंच सगळ्यात जास्त आवडली म्हणे, एकेक काढून आधी तीच वाचली. पुस्तक परत आलं तेव्हा बाकी क्लिपा एका पाकिटात नीट घालून दिलेल्या, आणि दोन क्लिपा दोन कथांवर घट्ट लावलेल्या. कोणत्या कथा ते सांगत नाही. त्यातल्या एकीबद्दल मात्र तिचं बरोबर आहे.