"सगळ्या ऑफर क्लब होतील सर" – दसऱ्याला गाडी घेताना दादाला लागलेला चुना

आधीच सांगतो, शोरूमचं नाव, गाडीचं नाव, फायनान्स कंपनीचं नाव काहीही लिहिणार नाहीये, त्यामुळे कमेंटमध्ये विचारू नका. आणि खरं तर नावाने फरक पडत नाही, कारण हे लिहायला घ्यायच्या आधी चार-पाच ओळखीच्या लोकांशी बोललो तर त्यातल्या दोघांना दुसऱ्याच कंपनीच्या दुसऱ्याच शोरूममध्ये जवळजवळ हाच अनुभव आलेला.

प्रकरण माझ्या मावसभावाचं, निगडीला राहतो, आम्ही सगळे दादाच म्हणतो. जुनी हॅचबॅक दहा वर्षं वापरलेली, नवीन छोटी पेट्रोल गाडी घ्यायची होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला ना, २२ तारखेपासून, तेव्हा सगळ्यांसारखाच तोही दसऱ्याला घेऊन टाकू म्हणून शोरूमला गेला. मी कागद बघायला लागलो ते सगळं होऊन गेल्यावर, वहिनी फाईल घेऊन आमच्याकडे आली तेव्हा. मी एका सीएकडे कामाला आहे म्हणून हे असले कागद घरातले सगळे माझ्याकडेच आणून टाकतात.

फाईलमध्ये सगळ्यात वर काय होतं माहितीये, गाडीच्या ब्रोशरचं मागचं पान. त्यावर सेल्सवाल्या पोराने निळ्या पेनाने हिशोब मांडलेला, जीएसटी ६४, कॅश ४०, एक्सचेंज २५, कॉर्पोरेट ५, ॲक्सेसरीज १६, खाली रेघ मारून १,५०,००० आणि त्याला दोनदा गोल. बाजूला "आरओआय ५.२५", म्हणजे व्याजदर, असं लिहून त्याच्याभोवती चांदणी. ना शिक्का ना सही ना तारीख. दीड लाखाचा फायदा आणि वर सव्वापाच टक्क्याने लोन, दादाने विचारलंही होतं की बाबा हे सगळं एकत्र मिळणार ना, तर पोराने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं, "सगळ्या ऑफर क्लब होतील सर". हा मेसेज पुढे फार कामाला आला, तो सांगतो नंतर.

आता हे दीड लाख एकेक करून सोलूया.

पहिले ६४ हजार. ही शोरूमची सवलत नाहीच. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी, त्यावर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस होता, तो १८ झाला. साडेसात लाख एक्स-शोरूमची, म्हणजे रोड टॅक्स-विमा सोडून एवढ्या किमतीची गाडी त्यामुळे आपोआप ६ लाख ८६ हजाराच्या आसपास आली. सरकारने कमी केलेला टॅक्स, तो तुम्ही कुठल्याही शोरूममध्ये गेलात तरी कमीच लागणार. ब्रोशरवर मात्र तो "तुमच्यासाठी फायदा" म्हणून सगळ्यात वर. आणि गंमत म्हणजे ६,८६,००० हा भाव आधीच कमी झालेला, म्हणजे त्यातून पुढे काही वजा होणारच नव्हतं.

दुसरे ४० हजार, कॅश डिस्काउंट. इथे खरी मेख. कंपन्यांच्या स्कीममध्ये बऱ्याचदा असं असतं की रोख सवलत घ्या किंवा कमी व्याजाचं लोन घ्या, दोन्ही नाही. साहजिकच आहे म्हणा, कमी व्याज म्हणजे उरलेलं व्याज गाडीची कंपनी किंवा डीलर आपल्या खिशातून फायनान्सवाल्याला देणार, मग वर ४० हजार पण कशाला देतील. पण पोराने "किंवा"चं "आणि" केलं. डिलिव्हरीच्या दिवशी बिलावर पूर्ण ६,८६,०००. विचारलं तर टीम लीडर म्हणतो, सर तुम्ही लो रेटची स्कीम घेतली ना, त्यात कॅश डिस्काउंट ॲडजस्ट झाला.

बरं, चला ॲडजस्ट झाला असं धरू, मग तो लो रेट तरी खरा होता का? नव्हता. ५.२५ हा फ्लॅट रेट निघाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशी जे मुद्दल त्यावरच पाचही वर्षं व्याज, तुम्ही हप्ते भरून कर्ज कितीही खाली आणा. ६ लाखांवर सव्वापाच टक्के वर्षाला ३१,५००, पाच वर्षांचे १,५७,५००, ते ६ लाखात मिळवून ६० ने भागलं की हप्ता १२,६२५. पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला दादाच्या डोक्यावर दीड लाखाच्या आत कर्ज उरलेलं असेल आणि व्याज मात्र ६ लाखांचं चालू असेल. बँकेच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साधारण ९.६ टक्के होतो. ज्या बँकेत दादाचा पगार येतो ती ९ टक्क्याला द्यायला तयार होती, हप्ता १२,४५५. म्हणजे ज्या "स्वस्त" लोनसाठी ४० हजाराची सवलत सोडली ते लोन बँकेपेक्षा महाग, पाच वर्षांत १० हजार जास्तच. दोन्हीकडून गेला.

इथे थोडं थांबून एक सांगतो, कारण बरेच जण म्हणतात रोख सवलतच घ्यावी नेहमी, तसं नसतं. सव्वापाच टक्के खरोखर घटत्या शिलकीवर असते तर ६ लाखांचा हप्ता ११,३९२ च्या आसपास आला असता, बँकेच्या तुलनेत पाच वर्षांत ६३-६४ हजार वाचले असते, म्हणजे ४० हजारापेक्षा लो रेटच बरा. पण तेच लोन ३ लाखाचं आणि ३ वर्षांचं असेल तर वाचतात जेमतेम साडेअठरा हजार, मग डोळे झाकून ४० हजार घ्या आणि लोन बँकेतून काढा. मोठं आणि लांब कर्ज असेल तर कमी व्याज, छोटं आणि आखूड असेल तर रोख सवलत, साधारण असं पडतं, पण आकडे टाकून बघितल्याशिवाय नाही. आणि शोरूमवाल्याला टक्के विचारायचेच नाहीत, हप्ता किती आणि किती महिने एवढंच विचारायचं, गुणाकार घरी करायचा.

एक्सचेंज बोनस २५ हजार. जुन्या गाडीला बाहेरचा एक जण १ लाख ७० द्यायला तयार होता, तसा मेसेज आहे दादाकडे. शोरूमने व्हॅल्यू लावली १ लाख ४५. का, तर "बोनस २५ मिळतोय ना सर, तेवढंच होतं". म्हणजे दादाचेच २५ हजार काढून त्यालाच बोनस म्हणून देणार. आणि तो बोनसही लगेच नाही, जुन्या गाडीची आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्यावर. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, त्यावर कोऱ्या सह्या घेऊन गाडी ठेवून घेतली आणि पुढे शांतता. महिन्याभराने दादाच्या मोबाईलवर ई-चलान आलं, सोलापूर रोडला सीटबेल्ट न लावल्याचं, त्या जुन्या गाडीचं. कोणी चालवत होतं देव जाणे. हे हसण्यावारी नेऊ नका, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, म्हणजे त्या गाडीने कोणाला उडवलं असतं तर भरपाईसाठी दादालाच धरलं असतं.

कॉर्पोरेटचे ५ हजार, तर दादाची कंपनी लिस्टमध्ये नाही असं डिलिव्हरीनंतर कळलं. ॲक्सेसरीज १६ हजाराच्या म्हणजे मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप आणि एक परफ्यूम. सोडा तो विषय.

आता दसऱ्याचा दिवस. ११ चा मुहूर्त, वहिनी ओवाळायला ताट घेऊन, आई-काका, पोरं, पेढे, चाकाखाली लिंबू ठेवून तयार. दादाच्या डोक्यातला हिशोब असा होता की ऑन-रोड, म्हणजे रोड टॅक्स-विमा सगळं धरून, ८ लाख २० हजार, त्यात ६ लाख लोन, १ लाख ४५ जुनी गाडी, ४० डिस्काउंट, बुकिंगला ११ दिलेले, म्हणजे २४ हजार द्यायचे. काउंटरवर मागितले ८९,४००. ४० हजार डिस्काउंट नाही आणि वर २५,४०० लोनमधून कापलेले. प्रोसेसिंग फी ५,९००, कागदपत्रं-स्टॅम्प १,५००, आणि लोन सुरक्षा विमा १८,०००, जो कोणी मागितलाच नव्हता. म्हणजे कर्ज ६ लाखाचं, हप्ता ६ लाखाचा, शोरूमला पोचले ५,७४,६००, फरक तुम्ही भरा. बाहेर गुरुजी हाका मारतायत, मागे रांगेत अजून आठ-दहा घरं डिलिव्हरीला उभी, अशा वेळी कोण भांडणार. वहिनीने एफडी करायला ठेवलेले पैसे तिथल्या तिथे ट्रान्सफर केले. मला तर वाटतं सणाच्या दिवशी डिलिव्हरी हाच यांच्या धंद्याचा भाग आहे, घरचे सगळे सोबत असले की माणूस काउंटरवर आवाज चढवत नाही.

आणि हे सगळं लपवलेलं होतं असंही नाही! रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट, केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक द्यावंच लागतं, ग्राहकाला समजेल त्या भाषेत, त्यात एपीआर म्हणजे फी-विमा सगळं धरून खरा वार्षिक दर लिहावा लागतो, आणि वाचून विचार करायला किमान तीन कामाचे दिवस ती ऑफर खुली ठेवावी लागते. दादाच्या ईमेलमध्ये ते केएफएस पडलेलं होतं. एपीआर ११.४६. ब्रोशरवरच्या चांदणीतला सव्वापाच तो हाच. पण ते आलं रात्री, ओटीपी मागितला फोनवर, "सर बँकेचं व्हेरिफिकेशन आहे, पटकन सांगा", आणि झाली ई-सही. ओटीपी कसला आहे ते त्या एसएमएसमध्येच लिहिलेलं असतं, तेवढं तरी वाचा.

इन्शुरन्सचं पण सांगतो. शोरूमचा कोट ४३ हजार, तेवढ्याच आयडीव्हीला (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारं कव्हर) धरून, बाहेरून ३१ हजारात मिळत होता. "आमच्याकडून इन्शुरन्स नाही घेतला तर डिस्काउंट जाईल" हे ऐकवलं, जो डिस्काउंट तसाही जाणारच होता. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे २०१८ पासून, त्याची रक्कम ठरलेली असते, १००० ते १५०० सीसीला १०,६४० अधिक जीएसटी, ती कुठूनही घ्या सारखीच. फरक पडतो तो ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागात आणि ॲड-ऑनमध्ये. डीलरकडूनच पॉलिसी घ्या अशी सक्ती करता येत नाही, विमा नियामकाचा नियम आहे. बाहेरचा कोट मोबाईलवर दाखवला की बऱ्याच ठिकाणी पाच मिनिटांत भाव खाली येतो, हे मी स्वतः दुसऱ्या एका नातेवाईकाच्या वेळी बघितलंय. शिवाय ऑन-रोडमध्ये ८,५०० "हँडलिंग" धरलेले, ते कशाचे ते अजून कोणाला सांगता आलेलं नाही. रोड टॅक्स महाराष्ट्रात १० लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, त्याची पावती आरटीओची मिळते. हँडलिंगची आरटीओ पावती मागा, मग बघा तोंड.

मग आम्ही काय केलं. सगळ्यात आधी लोन सुरक्षा विमा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, पटली नाही तर परत. मुदत संपायला थोडेच दिवस होते, त्याच दिवशी विमा कंपनीला मेल टाकला, किरकोळ कापून पैसे परत आले. हे तुमच्याकडे कोणाचं असेल तर आजच तारीख बघा.

लोन बंद करून बँकेत न्यावं असंही डोक्यात आलं, पण फिक्स्ड रेटचं असल्यामुळे फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी बंद करायची फी लागतेय, तो धरून फारसं काही सुटत नाही म्हणून सोडलं. फायनान्सवाल्यांना लेखी तक्रार दिलीये की फ्लॅट रेट सांगून फसवलं आणि ओटीपी काय म्हणून घेतला. ३० दिवसांत नीट उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट, १४४४८ वर माहिती मिळते.

शोरूमसाठी १९१५ ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, सोबत तो "क्लब होतील" वाला स्क्रीनशॉट आणि ब्रोशरच्या मागच्या पानाचा फोटो. तोवर ते पोरगं नोकरी सोडून दुसऱ्या शोरूमला गेलेलं, मॅनेजर म्हणे त्याने वैयक्तिक काय लिहिलं त्याला आम्ही जबाबदार नाही. पण तक्रार गेल्यावर दोन आठवड्यांत जुन्या गाडीची आरसी ट्रान्सफर झाली आणि एक्सचेंजचे २५ हजार खात्यात आले, चलानही त्यांनीच भरलं. ४० हजाराच्या बदल्यात १० हजाराचे सर्व्हिस कूपन देऊ केलेत, वर "समाधान झाले" अशा पत्रावर सही मागतायत. दादाने कूपन घेतलं नाही, सही तर नाहीच. आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचं चाललंय, ५ ते १० लाखाच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये आहे आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही.

कोणी या आठवड्यात बुकिंग करणार असेल तर एवढं करा, बुकिंगचे पैसे द्यायच्या आधी शिक्क्याचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे आगाऊ कच्चं बिल मागा आणि त्यात प्रत्येक सवलत वेगळ्या ओळीत, कोण देणार आणि कधी देणार हे लिहून घ्या. "सिस्टीममध्ये तसं येत नाही सर" म्हणतील. शोरूमच्या ईमेलवरून लिहून द्या म्हणा, तेही नाही म्हणाले तर बुकिंगच करू नका. आणि जुनी गाडी देताना तारीख-वेळ-किलोमीटर लिहिलेली डिलिव्हरी पावती घ्या, मीटरचा फोटो काढा. दादाकडे तो फोटो होता, वहिनीने पोरांसोबत जुन्या गाडीचा शेवटचा सेल्फी म्हणून काढलेला, त्यात मीटर आलं म्हणून चलानचं भांडण जिंकलो.

आयोगाची तारीख लागली की इथेच टाकतो.