बारावी नको, डायरेक्ट सीए इंटर: मी 45,000 घालवले ते असे

मी पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली बारावी, नापास. खानापूर तालुक्यात मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी) झालो आणि कॉमर्सला बेळगावात आलो. तिथं सगळं इंग्रजीत. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. मग रविवार पेठेत एका होलसेल दुकानात हिशेबाला लागलो. टॅलीतल्या नोंदी, बँकेचा मेळ, जीएसटीआर-1 ची (विक्रीच्या जीएसटी रिटर्नची) तयारी हे सगळं मी करायचा, सही तेवढी दुसऱ्याची. सात वर्षं असं काढल्यावर वाटायला लागलं, आपल्यात आणि सीएत असा फरक तो कितीसा? (फरक पुष्कळ असतो. पण तेव्हा तसं वाटायचं.)

2023 च्या ऑगस्टात व्हॉट्सॲपवर जाहिरात आली, चक्क मराठीत: "बारावीची अट नाही. डायरेक्ट एन्ट्रीने सीए इंटर." आपल्याकडे मराठीत पाटी दिसली तरी माणूस अर्धा विरघळतो. हे ओळखूनच ती लिहिली असणार.

टिळकवाडीत एका खोलीत ऑफिस. तिथले सर म्हणाले, "अहो, टॅली येतंय म्हणजे तुम्ही अर्धे सीए आहातच की." मग तीन गोष्टी सांगितल्या. दहावीनंतर आयसीएआयकडं, म्हणजे सीएंच्या संस्थेकडं, रजिस्ट्रेशन होतं. डायरेक्ट एन्ट्री आहे. ओपन बोर्डाची बारावी चालते. घरी येऊन मोबाईलवर बघितलं तर तिन्ही खरं! तिथंच फसलो. दहावीनंतर होतं ते फाउंडेशनचं, म्हणजे सीएच्या पहिल्या पायरीचं, तात्पुरतं रजिस्ट्रेशन; बारावी झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. डायरेक्ट एन्ट्री, म्हणजे फाउंडेशन टाळून थेट दुसऱ्या पायरीला, इंटरला जाणं, ते पदवीधरांना, तेही कॉमर्सला 55 टक्के आणि इतर शाखांना 60 टक्के असतील तर. आणि ओपन बोर्ड म्हणजे एनआयओएस या सरकारी मुक्त शाळा बोर्डासारखं मान्यताप्राप्त, जिथं अभ्यास करून पेपर लिहावा लागतो. तीन खरे तुकडे जोडून त्यांनी एक खोटं शिवलं होतं. वर "जीएसटी प्रॅक्टिशनरचं लायसन्स फुकट". त्यालाही पदवी लागते, हे सात वर्षं जीएसटीचं काम करून मला ठाऊक नव्हतं.

आईनं बोरमाळ सोसायटीत गहाण ठेवली. 45,000 रोख दिले, पावती 15,000 ची मिळाली. "बाकीची बोर्डाकडनं येईल."

दोन महिन्यांनी दिल्लीच्या कसल्याशा बोर्डाचं मार्क्स कार्ड हातात आलं. अकाउंटन्सी 81, अर्थशास्त्र 78. एकही पेपर मी लिहिला नव्हता. खाली परीक्षेचा महिना मार्च 2023. म्हणजे पैसे भरायच्या पाच महिने आधीच मी पास! हे माझ्या लक्षात आलं होतं, खोटं कशाला बोलू. घडी घालून कपाटात ठेवलं आणि गप्प बसलो. पोलिसांत जायला पाय जड झाले ते याचमुळं.

त्यानंतर सीए इंटरचं रजिस्ट्रेशन लेटर आलं. दिवाळीनंतर मालकांचे सीए दुकानात आले तेव्हा पेढे देऊन त्यांना दाखवलं. त्यांनी पेढा हातातच ठेवला. "नंबर डब्ल्यूआरओनं कसा सुरू होतो? ते पश्चिम विभागाचं, महाराष्ट्राकडचं. कर्नाटक दक्षिण विभागात, तुझा एसआरओ पाहिजे. पोर्टलवर तुझं खातं आहे? लॉगिन कर बघू." खातं नव्हतंच. आयसीएआयची फी त्यांच्या पोर्टलवर आपल्या नावानं थेट भरायची असते, मधे क्लासवाला लागत नाही. फाउंडेशनची नोंदणी नऊ हजारांच्या आसपास होते, हेही त्याच दिवशी कळलं.

टिळकवाडीला गेलो तर खोलीला कुलूप, नंबर बंद. यूजीसीच्या बोगस विद्यापीठांच्या यादीत आपल्या गोकाकचंही एक नाव वर्षानुवर्षं होतं, म्हणून ती यादी चाळली. हे लोक त्यात नव्हते. असतील कसे, ते स्वतःला विद्यापीठ म्हणवतच नव्हते.

सीए साहेबांनी एसीसीएचं सांगितलं. अकाउंटंटांच्या लंडनच्या त्या संस्थेच्या फाउंडेशन परीक्षांना शाळेच्या शिक्षणाची अट नाही, तिथून पायरी पायरीनं वर जाता येतं. पण त्या जोरावर भारतात ऑडिटवर सही करता येत नाही, आणि फी पौंडात. मी एनआयओएसच्या बारावीला नाव घातलंय. पाच विषय, सगळे पेपर स्वतः लिहायचे. साहेब दर शनिवारी संध्याकाळी तासभर अकाउंटन्सी घेतात, फुकट. ते मार्क्स कार्ड त्यांनी पहिल्याच शनिवारी माझ्याकडून फाडून घेतलं.

15,000 ची पावती मात्र जपून ठेवलीय. कुणाकडं तसलंच डब्ल्यूआरओचं पत्र असेल तर सांगा, तक्रार एकत्र करू.